‘केअरफुली’ कुठं बसवायचं?

वाचकाचं पत्र

मॅडम, नमस्कार. मी नागपुरात कळमना मार्केटजवळच्या एका संत्रा व्यापाऱ्याच्या ऑफिसात कामाला आहे. बिलं, गाड्यांचा हिशेब अन् बाहेरगावच्या पार्ट्यांना इंग्रजीतून मेल, हे सगळं माझ्याकडे असते. शिक्षण मराठी शाळेत झालं, इंग्रजी पाचवीपासून. मोठ्या मालकांना माझं इंग्रजी चालत होतं. आता त्यांचा मुलगा पुण्याहून शिकून आला अन् मेल जायच्या आधी तो वाचून राहिला. मी लिहिलं, ‘वी पॅक्ड केअरफुली द बॉक्सेस.’ त्यानं ‘केअरफुली’ उचलून शेवटी टाकलं. मुलीच्या व्याकरणाच्या पुस्तकात तर लिहिलं आहे की क्रियाविशेषण क्रियापदानंतर येते. मग काहून काटलं? पुढच्या मेलमध्ये मी ‘वी केअरफुली पॅक्ड द बॉक्सेस’ लिहिलं, तर ते चाललं! म्हणून तसंच ‘अवर ड्रायव्हर वेल नोज द रूट’ लिहिलं, तर पुन्हा काट. नियम विचारला तर म्हणतो, “काकू, कानाला बरोबर वाटत नाही.” माझ्या कानाला तर सगळंच बरोबर वाटते!

मागच्या आठवड्यात तर हद्द झाली. आम्ही रात्री जागून एका पार्टीचा माल भरला, म्हणून मी लिहिलं, ‘वी हार्डली वर्क्ड फॉर युअर ऑर्डर.’ पार्टीचा फोन आला, “मग पैसे कशाचे मागता?” सगळं ऑफिस हसलं. बर्डीवर स्पोकन इंग्लिशचा एक क्लास आहे, पण फी पुष्कळ आहे. लावू का? का या वयात नादच सोडू?
एक वाचक, नंदनवन

उत्तर

ताई, नमस्कार. नाद सोडायचं काही कारण नाही आणि क्लासचे पैसेही तूर्त पर्समध्येच राहू द्या. तुमची तीन वाक्यं तीन वेगवेगळ्या कारणांनी अडली आहेत. दोन वाक्यांवर छोट्या मालकांनी सारखीच रेघ मारली आणि तिसऱ्यावर ऑफिस हसलं, म्हणून तुम्हाला ती एकच चूक वाटते आहे आणि एका चुकीसाठी तीन परस्परविरोधी नियम दिसतायत. एकेक वेगळं करू. तुम्ही इंग्रजी वाक्यं देवनागरीत लिहून पाठवलीत, मीही तशीच लिहिते. मोठ्याने वाचायला बरी पडतात, आणि पुढे मोठ्याने वाचायचं काम आहेच.

मुलीच्या पुस्तकातला नियम खोटा नाही, अर्धा आहे. क्रिया कशी झाली ते सांगणारा शब्द, आपण शाळेत ज्याला रीतिवाचक क्रियाविशेषण म्हणायचो तो, इंग्रजीत क्रियापदानंतर येतो हे खरं. पण क्रियापदाला कर्म असेल तर ते कर्म पूर्ण झाल्यावर येतो. पॅक केलं, काय? तर खोके. ‘पॅक्ड’ आणि ‘द बॉक्सेस’ यांच्या मध्ये कुणीही शिरायचं नाही. म्हणून ‘वी पॅक्ड द बॉक्सेस केअरफुली.’ कर्मच नसेल तेव्हा पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं लागू पडतं: ‘द ड्रायव्हर ड्रोव्ह स्लोली’, ‘द प्राइस रोझ स्टेडिली’. शाळेच्या पुस्तकातली उदाहरणं बहुतेक अशीच असतात, ‘ही रन्स फास्ट’, ‘शी सिंग्ज स्वीटली’ छापाची. त्यात कुणी कशाचं काही करत नाही, नुसतं धावतात आणि गातात. त्यामुळे अर्धा नियम पूर्ण वाटत राहतो. व्यापाराच्या मेलमध्ये मात्र कर्माशिवायचं वाक्य शोधावं लागेल. तिथे प्रत्येक जण काहीतरी पाठवतो, मोजतो, उतरवतो, तपासतो.

तुमच्या कानाला ते बरोबर का वाटतं, हा मला यातला सगळ्यात रंजक भाग वाटतो. मराठीत एक वाक्य घ्या: ‘हमालांनी काल कळमन्यात खोके सावकाश उतरवले.’ कर्ता, म्हणजे हमाल, बाजूला ठेवा आणि उरलेलं शेवटाकडून वाचा. उतरवले, सावकाश, खोके, कळमन्यात, काल. आता हेच इंग्रजीत: ‘द पोर्टर्स अनलोडेड द बॉक्सेस स्लोली ॲट कळमना यस्टरडे.’ उतरवले, खोके, सावकाश, कळमन्यात, काल. मराठी वाक्य उलटं वाचलं की इंग्रजी वाक्य जवळजवळ तयार होतं! आपण आधी कधी, मग कुठं, मग कसं असं सांगत क्रियेपाशी येतो. ते क्रियेपासून सुरुवात करतात आणि कसं, कुठं, कधी असं सांगत लांब जातात. उलटं वाचताना फरक एकाच जागी पडतो: आपल्या यादीत ‘सावकाश’ आधी आणि ‘खोके’ नंतर येतात, इंग्रजीत खोके ‘सावकाश’ला ओलांडून क्रियापदाला जाऊन चिकटतात.

तुमच्या ‘पॅक्ड केअरफुली द बॉक्सेस’मध्ये एवढंच राहिलं, खोक्यांनी ‘केअरफुली’ला ओलांडलं नाही. बाकी सगळं वाक्य तुम्ही बरोबर उलटवलं होतं. एवढी शिस्तशीर चूक करणाऱ्या माणसाला माझ्या मते फारसं शिकवावं लागत नाही.

मराठीला हा काच नाही. ‘हमालांनी सावकाश खोके उतरवले’, ‘सावकाश उतरवले हमालांनी खोके’, कसंही म्हणा, ऐकणाऱ्याला कळतं. आपल्याकडे प्रत्यय ओळख सांगतात. ‘वाघाला गुराख्यानं पाहिलं’ हे वाक्य कितीही फिरवा, पाहणारा गुराखीच राहतो. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही नामांना असे प्रत्यय होते. मध्ययुगात ते झिजत गेले आणि कर्ता कोण, कर्म कोण हे सांगायचं काम जागेवर येऊन पडलं. ‘द टायगर सॉ द मॅन’मधली दोन नामं अदलाबदल करून बघा, ताडोबातला प्रसंगच बदलतो. अर्थात प्रत्यय झिजले म्हणून कर्म क्रियापदाला चिकटलंच पाहिजे असंही नाही. फ्रेंचमध्येही नामांचे प्रत्यय गेले आहेत, तरी तिथे ‘तो बोलतो चांगलं इंग्रजी’ हाच रोजचा क्रम आहे. त्यामुळे फ्रेंच माणूस इंग्रजी शिकताना नेमका तुमच्यासारखा चुकतो. त्यांच्याकडे परत येऊ, कारण तुमच्या क्लासच्या प्रश्नाशी त्यांचा संबंध आहे.

आता दुसरं वाक्य. ‘वी केअरफुली पॅक्ड’ चालतं, कारण कर्त्यानंतर आणि क्रियापदाच्या अगदी अलीकडे एक जागा असते. ‘ली’ने संपणारी बहुतेक रीतिवाचक क्रियाविशेषणं तिथे बसू शकतात. ‘ही क्वाएटली पेड द बिल’, ‘शी पेशंटली एक्स्प्लेन्ड द रेट्स’. क्रियापद आणि कर्माची जोडी शाबूत राहते, म्हणून तक्रार नाही. पण ‘वेल’, ‘फास्ट’, ‘हार्ड’ यांना ती जागा मिळत नाही. त्यांनी शेवटीच जायचं: ‘अवर ड्रायव्हर नोज द रूट वेल.’ ‘बॅडली’ला ‘ली’ असूनही ‘वाईट रीतीने’ या अर्थाने शेवटीच ठेवायचं, ‘दे पॅक्ड द बॉक्सेस बॅडली’. ‘आय बॅडली नीड अ ट्रक’ तुम्ही ऐकलं असेल. ते बरोबर आहे, पण तिथे त्याचा अर्थ ‘अत्यंत’ असा आहे, म्हणून जागा वेगळी.

एक मात्र सांगून ठेवते, नाहीतर पुढच्या आठवड्यात तुम्ही मलाच पकडाल. ‘द बॉक्सेस वेअर वेल पॅक्ड’ हे वाक्य शुद्ध आहे. मग ‘वेल’ पुढे कसं आलं? कारण हा कर्मणी प्रयोग आहे. खोके इथे वाक्याच्या सुरुवातीला गेलेत, क्रियापदामागे काही उरलं नाही. अशा वाक्यात ‘कसं’ सांगणारा शब्द क्रियापदाच्या तिसऱ्या रूपाच्या लगेच आधी ठेवायची रीत आहे, आणि तिथे ‘वेल’, ‘बॅडली’ हेसुद्धा खुशाल बसतात. ऑफिसच्या मेलमध्ये ही वाक्यं ढिगानं येतात, म्हणून हे नीट बघून घ्या. हेल्पिंग व्हर्ब कितीही असोत, ती सगळी आधी होऊन जाऊ द्या: ‘द बॉक्सेस हॅव बीन केअरफुली पॅक्ड.’ ‘हॅव केअरफुली बीन पॅक्ड’ लिहिलं तर वाचणारा अडखळतो. पण ‘ऑलरेडी’सारखा ‘कधी’च्या गोतावळ्यातला शब्द पहिल्या हेल्पिंग व्हर्बनंतरच घुसतो. दोन्ही एकत्र आले तर ‘द बॉक्सेस हॅव ऑलरेडी बीन केअरफुली पॅक्ड.’ हे वाक्य पाठ करून ठेवा. माझ्या अनुभवात नियम विसरतो, वाक्य राहतं.

आपल्या ‘करून राहिला’चंही तसंच. ‘ड्रायव्हर गाडी हळू चालवून राहिला’ म्हणजे ‘द ड्रायव्हर इज ड्रायव्हिंग द ट्रक स्लोली.’ आणि ‘तो गपचूप हिशेब करून राहिला’ला ‘ही इज क्वाएटली डूइंग द अकाउंट्स’ चालेल. ‘इज’ आणि ‘डूइंग’ यांच्या मध्ये जागा आहे, ‘डूइंग’ आणि ‘अकाउंट्स’ यांच्या मध्ये नाही.

मग शेवटी लिहायचं की मध्ये? दोन्ही शुद्ध असतील तर फरक जोराचा आहे. बोलण्यात मराठी वाक्याचा जोर बहुतेक वेळा क्रियापदाच्या अलीकडच्या शब्दावर पडतो, इंग्रजीचा शेवटच्या शब्दावर. समजा पार्टीची तक्रार आली की माल कसाही भरला होता. तुम्हाला ‘नीट’वर जोर द्यायचा आहे, तेव्हा तो शब्द शेवटी हवा: ‘वी पॅक्ड द बॉक्सेस केअरफुली.’ पण काय काय झालं याची नुसती हकीकत द्यायची असेल तर मध्ये बरा: ‘वी केअरफुली पॅक्ड द बॉक्सेस, लोडेड द ट्रक अँड सेंट द बिल.’ इथे ‘नीट’ हा जाताजाताचा शब्द आहे. सूचना देताना मात्र मी शेवटच सुचवीन. नागपुरी संत्र्याचं साल सुटं असतं, खोका आपटला की फळ दबतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. खोक्यावर ‘हँडल धिस बॉक्स जेंटली’ लिहा. वाचणाऱ्याच्या डोक्यात शेवटचा शब्द उरतो, आणि हमालाने लक्षात ठेवायचा शब्द तोच आहे.

जागा बदलली की अर्थच बदलतो अशीही काही वाक्यं आहेत. पैशांच्या व्यवहारात ती महागात पडतात. ‘वी प्रॉमिस्ड टू रिटर्न द मनी क्विकली’ म्हणजे पैसे लवकर परत करायचं आम्ही कबूल केलं. ‘वी क्विकली प्रॉमिस्ड टू रिटर्न द मनी’ यात घाई फक्त कबूल करण्याची आहे. पैसे पुढच्या आंबिया बहाराला आले तरी वाक्य खोटं ठरत नाही! वाक्यात दोन क्रियापदं असली की ‘कसं’ कुणाचं आहे ते बघा आणि शब्द त्याच्याच बाजूला न्या.

दुसरा प्रकार स्वभाव किंवा मत सांगणाऱ्या शब्दांचा. ‘द ड्रायव्हर आन्सर्ड द पोलिसमन फूलिशली’ म्हणजे ड्रायव्हरने वेड्यासारखं उत्तर दिलं. ‘द ड्रायव्हर फूलिशली आन्सर्ड द पोलिसमन’ म्हणजे उत्तर कदाचित हुशारीचं असेल, पण उत्तर द्यायला गेला हाच वेडेपणा. ‘ऑनेस्टली’चं तर विचारू नका. ‘वी काउंटेड द बॉक्सेस ऑनेस्टली’ म्हणजे इमानदारीनं मोजले. तोच शब्द सुरुवातीला नेऊन ‘ऑनेस्टली, वी काउंटेड द बॉक्सेस’ लिहिलंत तर ते ‘खरंच सांगतो हो, मोजले होते’ असं होतं, आणि पार्टीला उगाच शंका येते. ‘क्लिअरली’, ‘सॅडली’ हेही याच जातीचे. वाक्याच्या अगदी सुरुवातीला क्रियाविशेषण आणि पुढे स्वल्पविराम, ही चाल गोष्टी सांगणाऱ्यांना शोभते. ‘स्लोली, ही ओपन्ड द डोअर’ कथेत छान वाटतं. बिलासोबत जाणाऱ्या मेलमध्ये नको.

तिसरं वाक्य. यात जागेचा दोष नंतरचा, आधी शब्दच चुकला आहे. ‘हार्ड’ला ‘ली’ लागत नाही. ‘हार्ड’ म्हणजे कष्टानं, ‘हार्डली’ म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. तुम्ही रात्री जागलात आणि लिहिलंत की आम्ही तुमच्या ऑर्डरसाठी फारसं काही केलंच नाही. पार्टीनं विचारलं त्यात तिचं काय चुकलं? ‘लेट’ आणि ‘लेटली’चंही असंच आहे: ‘द ट्रक केम लेट’ म्हणजे गाडी उशिरा आली, ‘लेटली’ म्हणजे अलीकडे. ‘फास्ट’ला ‘ली’ जोडून शब्दच होत नाही. तुम्ही ‘ली’ लावलं ते अंदाजानं, कारण बाकी सगळीकडे लावतात. अंदाज वाजवी होता, भाषा वाजवी नाही. पार्टीला दोन ओळी पाठवा: ‘देअर वॉज अ मिस्टेक इन अवर लास्ट मेल. वी वर्क्ड व्हेरी हार्ड ऑन युअर ऑर्डर.’ स्पष्टीकरण, माफीचा परिच्छेद वगैरे काही नको. ज्यांनी फोन करून चेष्टा केली त्यांना खरं काय ते ठाऊक असतंच.

तुमच्या धंद्यात लागेल म्हणून आणखी एक. ‘द ऑरेंजेस टेस्ट स्वीटली’ लिहू नका. चव लागणं, वास येणं, दिसणं या क्रियापदांपुढे फळ कसं आहे ते सांगायचं असतं, क्रिया कशी झाली ते नाही. म्हणून ‘टेस्ट स्वीट’, ‘लुक फ्रेश’, ‘स्मेल गुड’. आणि जाण्या-येण्याच्या क्रियापदांना मुक्काम आधी सांगायची घाई असते: ‘द ट्रक रीच्ड वर्धा सेफली’, ‘ही वेंट होम क्विकली’. त्यात कुठं आधी, कसं नंतर.

आता छोट्या मालकांची बाजू. ‘कानाला बरोबर वाटत नाही’ हे त्यांचं म्हणणं टाळाटाळीचं वाटलं तरी बहुधा प्रामाणिक आहे. लहानपणापासून इंग्रजी कानावर पडलं की जागा आपोआप कळतात, कारण सांगता येत नाही. तुम्ही तरी ‘खोके सावकाश उतरवले’ का म्हणता, याचा नियम कधी कुठं वाचला होता? पण कान कधीकधी फसवतो, तेव्हा त्यांनी काट मारली तरी तुमचं बरोबर असेल अशा जागा दाखवते.

एक म्हणजे ‘ॲट’, ‘टू’, ‘फॉर’ असले शब्द मध्ये असलेलं वाक्य. ‘वी लुक्ड ॲट एव्हरी बॉक्स केअरफुली’ बरोबर आणि ‘वी लुक्ड केअरफुली ॲट एव्हरी बॉक्स’ हेही बरोबर. इथे खोका क्रियापदाला थेट चिकटलेलाच नाही, मध्ये ‘ॲट’ आहे, म्हणून ‘केअरफुली’ शिरलं तर काही तुटत नाही. दुसरं म्हणजे लांबलचक कर्म. ‘प्लीज चेक केअरफुली ऑल द बॉक्सेस विच वेअर लोडेड ॲट बुटीबोरी ऑन मंडे नाइट.’ इथे ‘केअरफुली’ नियमाप्रमाणे शेवटी ढकललं तर ते सोमवारच्या रात्रीनंतर येईल. मग वाचणाऱ्याला वाटेल की बुटीबोरीला खोके काळजीपूर्वक चढवले गेले, आणि तुम्ही सांगितलेलं तपासणं राहून जाईल. कर्म एवढं लांब असलं की इंग्रजी स्वतःच आपला नियम सैल करते. तिसरं, ‘टू केअरफुली चेक’. ‘टू’ आणि क्रियापद यांच्या मध्ये शब्द घालू नये, असा हट्ट एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या काही व्याकरणकारांनी धरला आणि तो शाळांमधून पुढे चालत राहिला. आज चांगले संपादक त्याला भीक घालत नाहीत. ‘वी वॉन्ट टू केअरफुली चेक द स्टॉक’ बिनधास्त लिहा. वादच नको असेल तर ‘टू चेक द स्टॉक केअरफुली’.

आता क्लास. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये इंग्रजी पहिलीपासून आलं ते २००० साली. तुमची पिढी पाचवीत एबीसीडी गिरवायला बसली, तेव्हा मुलीशी किंवा छोट्या मालकांशी तुलना करून मन खट्टू करून घेऊ नका. पण स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये बोलायची भीड घालवतात, एका शब्दाची जागा धरून कुणी बसत नाही, आणि तुमची अडचण तेवढीच आहे.

शिवाय फ्रेंच मुलांचं उदाहरण आहे. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात फ्रेंच घरातली पाचवी-सहावीतली मुलं इंग्रजी शिकत होती. मॅकगिल विद्यापीठातल्या भाषाशास्त्रज्ञ लिडिया व्हाइट यांनी त्यांच्यावर केलेला अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. काही वर्गांना क्रियाविशेषणांच्या जागा मुद्दाम शिकवल्या, चुका दाखवून दुरुस्त करून घेतल्या. त्या मुलांनी क्रियापद आणि कर्माच्या मध्ये शब्द घुसवणं जवळजवळ थांबवलं. ज्यांना हे शिकवलं नाही ती मुलं भरपूर इंग्रजी ऐकूनही चुकत राहिली. इथवर क्लासवाल्यांना आनंद व्हावा असं आहे. पण शिकवलेल्या मुलांपैकी काहींना वर्षभरानंतर पुन्हा तपासलं, तेव्हा ती जुन्या सवयीवर परत गेलेली होती. यातून मी एवढंच घेते की मुद्दाम शिकावं लागतं, नुसतं ऐकून हे येत नाही, आणि शिकल्यावर हात चालू ठेवला नाही तर जातंही. पुष्कळ फी भरून काही आठवडे शिकायचं आणि मग सोडून द्यायचं, यापेक्षा रोजच्या कामात थोडं थोडं केलेलं बरं.

तुमच्याकडे त्याची सामग्री आयती आहे. आपणच पाठवलेले जुने मेल उघडा आणि ‘ली’ने संपणारे शब्द शोधा. प्रत्येक वाक्यात आधी क्रियापद पकडा आणि शाळेत विचारायचो तसं त्याला विचारा: काय? कुणाला? त्याचं उत्तर क्रियापदाच्या पुढचाच शब्द असलं पाहिजे. ते मिळालं की मग विचारा, कसं? ‘काय’चं उत्तर मिळायच्या आधीच ‘कसं’चं मिळालं तर वाक्य चुकलं. मुलीला शेजारी बसवा, ती वाचेल आणि तुम्ही विचारा. तिच्या पुस्तकात अर्धा नियम आहे, तो दोघींनी मिळून पेनानं पूर्ण करा. आणि पाठवायच्या आधी मेल मोठ्याने वाचा, पुटपुटून नाही. ‘पॅक्ड द बॉक्सेस’, ‘चेक द वेट’, ‘सेंड द बिल’ या जोड्या एका श्वासात, मध्ये न थांबता म्हणा. काही दिवसांनी जोडी तुटलेली तुम्हालाच खटकायला लागेल, आणि मग छोट्या मालकांसारखं ‘कानाला बरोबर वाटत नाही’ म्हणायचा हक्क तुम्हालाही मिळेल.

ऑफिसात हसण्याचं मात्र थांबवायला हवं, आणि ते तुम्ही बोलल्याशिवाय थांबणार नाही. तो तुम्हाला काकू म्हणतो, म्हणजे मुळात धाक नाही. एकटा असताना सांगा, “बाळा, चूक दाखव, पण चारचौघांत वाचून दाखवू नको. आणि नुसता शब्द काटू नको, कुठून कुठं नेला तिथं बाण काढ.” बाण काढायला लागला की त्यालाही कारण शोधावं लागेल. मग एखाद्या निवांत दुपारी, गाड्या गेल्या की, ‘वेल नोज’ चुकतं आणि ‘वेल पॅक्ड’ का चालतं, ते त्याला विचारा. त्याला बहुधा सांगता येणार नाही. तुम्ही सांगा. आणि बुटीबोरीच्या त्या लांब वाक्यातलं ‘केअरफुली’ त्यानं उचलून शेवटी नेलं, तर परत जागेवर आणून ठेवा आणि मेल तसाच जाऊ द्या.